चिमणीच्या दाराचे माप

मराठी मुलाला वास्तुशास्त्राचा पहिला धडा मिळतो तो आजीच्या मांडीवर. चिमणीने घर बांधले मेणाचे, कावळ्याने बांधले शेणाचे. मोठा पाऊस आला, शेणाचे घर वाहून गेले, मेणाचे टिकले. भिजलेला कावळा दारात ताटकळत उभा आहे आणि आत चिऊताई बाळाचे न्हाणे-माखणे, काजळ-तीट सावकाशीने उरकते आहे, हे चित्र आपण सर्वांनी डोळ्यांपुढे आणलेले असते. ही गोष्ट रचणारी माउली बहुधा कोकणातली किंवा मावळातली असावी, आमच्या नागपूरची नसावी. पावसात मेण टिकेल; पण नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेल्यावर, त्या मेणाच्या घराचे आणि आतल्या बाळाचे काय झाले असते, याची कल्पनाच न केलेली बरी!

परंतु या गोष्टीत याहून मोठी एक गंमत दडलेली आहे. खरे बांधकाम जाणतो तो कावळा. काटक्या, मुळ्या आणि अलीकडे तर तारांचे तुकडेसुद्धा जमवून तो झाडाच्या बेचक्यात उघड्यावर आपले घर उभे करतो. चिमणी सहसा चार भिंती उभारतच नाही. ती खोली शोधते. भिंतीतले छिद्र, छपराची फट, झाडाची ढोली, असे काहीतरी आयते हेरते आणि आत गवत, पिसे, दोरे यांचा बिछाना घालते. म्हणजे चिमणी ही पाखरांच्या जगातली भाडेकरू. आणि भाडेकरूचे सगळे सुखदुःख मोकळी जागा मिळते की नाही यावर अवलंबून असते, हे आम्हा मध्यमवर्गीय मंडळींना वेगळे सांगायला नको.

पाखरांचे हे दोन वर्ग एकदा ध्यानात आले की माणसाने पाखरांसाठी बांधलेल्या घरांचा सारा इतिहास उलगडू लागतो. सुगरण, शिंपी, बुलबुल, होला, कावळा ही मंडळी आपले घर आपण बांधणारी. त्यांच्यापुढे तुम्ही शिसवी लाकडाची पेटी टांगली तरी ती तिच्याकडे ढुंकूनही पाहणार नाहीत. चिमणी, साळुंकी, दयाळ, वल्गुली, पोपट, पिंगळा, धनेश ही मंडळी पोकळी शोधणारी. यांतल्या बहुतेकांच्या चोचीला लाकूड कोरता येत नाही. सुतार पक्षी आणि तांबट एवढेच काय ते खरे कारागीर. त्यांनी सोडून दिलेल्या ढोलीत बाकीच्यांचे संसार चालतात. माणसाने केलेली पेटी उपयोगी पडते ती या दुसऱ्या वर्गाला.

आता इतिहासाकडे वळू. नागपूरकराला पहिल्या दाखल्यासाठी फार लांब जावे लागत नाही. इथून पन्नासएक किलोमीटरवर रामटेक. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असे आमच्या नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. त्या यक्षाने मेघाला वाट सांगताना माणसांच्या वस्त्यांबरोबर पाखरांच्या वस्त्याही सांगितल्या आहेत. दशार्ण देशातून जाशील तेव्हा गावोगावच्या थोर झाडांवर घरच्या बलीवर जगणाऱ्या पाखरांची घरटी बांधण्याची धांदल दिसेल. उज्जयिनीत रात्रीचा मुक्काम करशील तो अशा उंच सज्जावर कर की जिथे पारवे निजलेले असतील. विरहाने व्याकूळ झालेल्या या यक्षाला कोणते पाखरू झाडावर राहते आणि कोणते माणसाच्या घराला बिलगून राहते, याचा विसर पडलेला नाही.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त तर याहून गोड प्रसंग आहे. पाचव्या अंकात वसंतसेनेचा सेवक खाली उभा राहून मैत्रेयाला खडे मारतो. मैत्रेयाला वाटते, वरच्या पारव्याचाच हा चावटपणा. आणि पिकलेला आंबा पाडावा तसे त्याला काठीने खाली पाडायला तो उठतो. चारुदत्त त्याला आवरतो. त्याचे म्हणणे एवढेच की, बिचारा आपल्या सखीसह बसला आहे, बसू दे. दारिद्र्याने गांजलेल्या चारुदत्ताच्या घरातही पारव्याची जागा शाबूत आहे, हे त्या नाटककाराने किती सहज सांगून टाकले आहे! अमरकोशात पारव्यांच्या या घराला ‘कपोतपालिका’ असा शब्द आहे. कोशात शब्द येतो तेव्हा ती वस्तू समाजात रुळून गेलेली असते.

पुढे मोगलाईत कबुतरांचा शौक शिगेला पोहोचला. अकबराच्या पदरी वीस हजारांवर कबुतरे होती आणि त्यांच्या उडवण्याच्या खेळाला त्याने ‘इश्कबाजी’ असे नाव दिले होते, हे अबुल फजलने नोंदवून ठेवले आहे. गुजरातेत गावाच्या चौकात नक्षीदार चबुतरे उभे राहिले. आपल्याकडे वाड्याच्या माळ्यावर ढाबळी आल्या. पण एक गोष्ट पाहा: हा सारा थाट कबुतरासाठी. चिमणीसाठी राजाने महाल बांधला नाही की सावकाराने चौथरा उभारला नाही.

तिला त्याची गरजच नव्हती. जुन्या नागपुरात, महालात, इतवारीत, किंवा विदर्भातल्या कोणत्याही गावात, घर म्हटले की सागवानी तुळया, मातीच्या जाड भिंती आणि वर कवेलू. दोन कवेलूंच्या मधली फट, तुळई भिंतीत शिरते तिथली पोकळी, देवघराच्या वरचा कोनाडा, आणि ओसरीत पुढे कलती टांगलेली आजोबांची तसबीर. त्या तसबिरीच्या मागची तिरपी जागा ही तर चिमणीची वंशपरंपरागत जहागीर! दिवाळीच्या झाडलोटीत घरातली कर्ती बाई जळमटे काढी, पण तसबिरीमागे पिल्ले असली तर केरसुणी तिथे थबकत असे. मराठीत ‘वळचण’ असा एक सुरेख शब्द आहे. छपराचा भिंतीपुढे आलेला भाग, इतकाच त्याचा अर्थ. पण वळचणीला येणे म्हणजे आश्रयाला येणे, असाही अर्थ त्याला चिकटला. तो चिकटवण्यात पावसात भिजणाऱ्या वाटसरूचा जितका वाटा, तितकाच या पाखरांचाही असावा, असे मला नेहमी वाटते.

पश्चिमेकडचा इतिहास मात्र दयेने सुरू होत नाही. तो जिभेने सुरू होतो. हॉलंड आणि फ्लँडर्स या भागांत पंधराव्या-सोळाव्या शतकांपासून घरांच्या भिंतींना मातीची मडकी टांगण्याची चाल होती. तोंड अरुंद, पोट मोठे, आणि भिंतीकडच्या बाजूला हात जाईल एवढे भोक. या मडक्यात साळुंकीची युरोपातली बहीण, स्टार्लिंग, घर करी. पिल्ले धष्टपुष्ट झाली की मागच्या भोकातून हात घालून ती काढून घेत आणि त्यांचा रस्सा होई! दिसायला पाहुणचार, पोटात कपट. तिकडे तुर्कस्तानात याच्या अगदी उलट वारे वाहत होते. इस्तंबूलच्या अठराव्या शतकातल्या काही मशिदींच्या भिंतींवर, उंच आणि उन्हापासून आडोशाला, दगडात कोरलेले चिमुकले महाल आजही दिसतात. घुमट, मनोरे, सज्जे, खिडक्या, सगळे काही वीतभर उंचीत. चिमण्या-पाकोळ्यांनी तिथे राहावे, बस्स, एवढाच हेतू. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी काही जमाती वाळलेले भोपळे पोकळ करून खांबावर टांगीत आणि त्यांत जांभळ्या रंगाच्या मोठ्या भिंगऱ्या वस्तीला येत. ही चाल इतकी मुरली की पूर्व अमेरिकेतल्या त्या भिंगऱ्या आता जवळजवळ पूर्णपणे माणसाने दिलेल्या घरांवरच विसंबून आहेत. माणसाने एकदा दार उघडले की ते पुन्हा लावण्याची मोकळीक त्याला राहत नाही, हा या भोपळ्यांचा धडा.

पाखरांच्या सुखासाठी, आणि त्यांना न्याहाळण्यासाठी, निरनिराळ्या जातींना निरनिराळी घरे बांधून देणारा पहिला नामांकित माणूस म्हणजे यॉर्कशायरमधला चार्ल्स वॉटर्टन. हा एक विक्षिप्त जमीनदार. आपल्या वॉल्टन हॉल या इस्टेटीभोवती त्याने सुमारे तीन मैल लांबीची उंच भिंत घातली आणि आत बंदुकीचा बार होऊ दिला नाही. 1813 साली एका पडक्या वेशीवर त्याने दगडचुन्याचे घर बांधले ते गव्हाणी घुबडासाठी. त्या काळी इंग्लंडातही घुबड अपशकुनीच समजले जाई, नोकरचाकर हादरले. घुबडे मात्र महिन्याभरात राहायला आली. पुढे त्याने नदीकाठच्या भिंगऱ्यांसाठी भिंतीत नळ्या बसवल्या, स्टार्लिंगसाठी छिद्रांचा बुरूज उभा केला. एकेका पाखराची सवय पाहून त्याप्रमाणे घर, हा विचार इथून सुरू झाला.

त्या विचाराला शास्त्राची शिस्त लावली जर्मनीतल्या बॅरन फॉन बेर्लेप्श याने. त्याचा प्रश्न साधा होता: लोक हौसेने पेट्या टांगतात आणि पाखरे त्यांत येत नाहीत, असे का? उत्तर शोधण्यासाठी त्याने सुतार पक्ष्याच्या ढोल्या कापून, त्यांचे उभे छेद घेऊन, त्यांची मापे टिपली. तोंड किती रुंद, भोक आत वरच्या दिशेने कसे चढते, खाली पोकळी कशी सुरईसारखी फुगते, तळाशी लाकडाचा भुसा किती असतो, हे सारे पाहून त्याने ओंडक्यातून तशीच घरे कोरवून घेतली. पाखरे आली. 1905 साली शेजारच्या हायनिख अरण्यात अळ्यांची टोळधाड पडून मैलोगणती झाडे उघडीबोडकी झाली. बेर्लेप्शचे रान मात्र हिरवे राहिले, आणि युरोपभर त्याचा बोलबाला झाला. पाखराला घर देणे हा नुसता धर्म नव्हे, व्यवहारही आहे, हे लोकांना त्या दिवशी पटले.

याची उलटी परीक्षा चीनने 1958 मध्ये पाहिली. उंदीर, माश्या आणि डास यांच्या जोडीला चिमणीलाही धान्यचोर ठरवून देशभर तिचा संहार मांडला गेला. थाळ्या-ढोल वाजवून चिमण्यांना बसू द्यायचे नाही, त्या थकून खाली पडेपर्यंत. 1960 मध्ये यादीतून चिमणीचे नाव वगळून तिथे ढेकणाचे घालण्यात आले. कारण दाणे टिपणारी चिमणी आपल्या पिलांना मात्र अळ्या आणि किडे भरवते, हे तोवर पिकांवर उमटले होते. त्या वर्षांत तिथे जो भीषण दुष्काळ पडला त्याची कारणे अनेक. त्यांत या अडाणीपणाचीही भर पडली.

आपल्या देशात पोकळीचे मोल किती, हे सांगणारा एक जुना प्रसंग आहे, आणि तो थोडा अस्वस्थ करणारा आहे. पुढे जगद्‌विख्यात पक्षिशास्त्रज्ञ झालेले सालिम अली तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते आणि हाती छऱ्याची बंदूक होती. तबेल्याच्या भिंतीतल्या छिद्रात चिमणी अंड्यांवर बसलेली, बाहेर खिळ्यावर चिमणा पहाऱ्याला. मुलाने चिमणा टिपला. थोड्याच वेळात चिमणीने दुसरा जोडीदार आणला. तोही त्याच खिळ्यावर. सात दिवसांत असे आठ चिमणे पडले, आणि दर वेळी नवा हजर! मुलाने हे वहीत टिपून ठेवले होते. मोठेपणी त्यांनी ते प्रांजळपणे छापले. जोडीदार मिळत होता. पण ते छिद्र सोडून जावे असे तिला एकदाही वाटले नाही. पाखराच्या हिशेबात घराची किंमत काय असते, ते यावरून समजावे.

आणि तेच छिद्र आपण बुजवत आलो. कवेलू गेले, सिमेंटची स्लॅब आली. मातीच्या भिंती गेल्या, गुळगुळीत गिलावा आला. तसबिरी भिंतीला सपाट चिकटल्या. चिमणी मग विजेच्या मीटरच्या पेटीत, दुकानाच्या पाटीमागे, रस्त्यावरच्या दिव्याच्या टोपीत शिरू लागली. तिच्याविषयीची हळहळ सर्वत्र ऐकू येऊ लागली तेव्हा नुसते उसासे न टाकता हातात करवत घेणारी जी माणसे निघाली, त्यांत नाशिकचे मोहम्मद दिलावर यांचे नाव आधी घ्यावे लागेल. त्यांच्या ‘नेचर फॉरेव्हर सोसायटी’ने चिमणीसाठी लाकडी घरटी घरोघर पोहोचवली. ‘टाइम’ साप्ताहिकाने 2008 मध्ये पर्यावरणासाठी झटणाऱ्या जगातल्या मानकऱ्यांत त्यांची गणना केली. 20 मार्च 2010 रोजी पहिला जागतिक चिमणी दिन साजरा झाला तो त्यांच्याच पुढाकाराने. जगाच्या पंचांगात नाशिकने घातलेली ही तिथी! त्याच वर्षी भारतीय टपाल खात्याने चिमणीचे तिकीट काढले आणि 2012 मध्ये दिल्लीने तिला आपला राज्यपक्षी केले.

इथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर हळवेपणा सत्याच्या पुढे धावेल. देशातल्या पक्षिनिरीक्षकांच्या लाखो नोंदी तपासून 2020 मध्ये जो अहवाल निघाला, त्याने सांगितले की भारतभर मिळून चिमणीची संख्या गेल्या पंचवीसएक वर्षांत बव्हंशी स्थिर आहे. घटली आहे ती मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद या महानगरांत. म्हणजे चिमणी देशातून गेली नाही. आपण ज्या तऱ्हेची शहरे बांधतो, त्या शहरांतून ती काढता पाय घेते आहे. नागपूर वाढते आहे. आमच्यापुढे दोन्ही वाटा अजून मोकळ्या आहेत.

तेव्हा आता मापाचे बोलू; कारण सगळे मर्म दारात आहे. चिमणीला साधारण सव्वा इंच, म्हणजे 32 मिलिमीटर व्यासाचे दार पुरते. एवढ्या दारातून चिमणी जाते, साळुंकी जात नाही. दार दोन-अडीच इंचांचे केले की साळुंकी आत शिरते, आणि एकदा ती शिरली की चिमणीची अंडी बाहेर पडलीच म्हणून समजा. साळुंकी दुष्ट म्हणून असे करते असे नाही. तिलाही घर हवे आहे. दोष दार कापणाऱ्याचा. वल्गुली म्हणजे काळ्या डोक्याचे, पांढऱ्या गालांचे, अळ्यांचा फडशा पाडणारे चिमुकले पाखरू. बागेत झाडे असतील तर तिच्यासाठी 28 मिलिमीटर दार ठेवावे. चिमणीलाही ते अवघड जाते आणि वल्गुलीला निवांतपणा मिळतो. फरक चार मिलिमीटरांचा, पण त्यावर एक कुळ आत आणि एक कुळ बाहेर ठरते. दयाळाला दार दोनेक इंचांचे लागते. पहाटे शीळ घालणारा हा गवई जुन्या भिंतीच्या बिळात सुखाने राहतो. पिंगळ्याला साडेतीन-चार इंच. आणि गव्हाणी घुबडाला भली मोठी पेटी, जिचे दार तळापासून दीड फूट तरी वर हवे, म्हणजे पिल्ले बाहेर घरंगळत नाहीत. घुबडाच्या पेटीला हसू नये. इस्रायलमध्ये 1983 पासून शेतांत अशा पेट्या टांगून उंदरांचा बंदोबस्त करण्यात आला आणि पुढे शेजारच्या जॉर्डनचे शेतकरीही त्यात सामील झाले. घुबडाला सरहद्द कळत नाही आणि उंदरालाही कळत नाही. माणसाला ती थोडी विसरायला लावली ती या पाखराने.

दारानंतर जागा. चिमण्या गोतावळ्याने राहणाऱ्या. त्यांच्या तीन-चार पेट्या एका ओळीत, हात-दोन हात अंतराने चालतात. वल्गुलीला आणि दयाळाला मात्र भाऊबंदकी सोसत नाही. एका अंगणात एकच पेटी. चिमणीची पेटी आठ-दहा फूट उंचीवर, मांजराची उडी आणि खारीची धाव चुकवून लावावी. दारापाशी बसायला काडी किंवा खुंटी ठोकण्याचा मोह अनेकांना होतो. ती पाखरापेक्षा त्याच्या शत्रूला अधिक सोयीची. तळाला दोन-चार बारीक छिद्रे, वरच्या अंगाला वाऱ्यासाठी फट, झाकण उघडता येईल असे. आतून रंग नाही, वार्निश नाही. आणि पेटी घराच्या आत नको: आमच्या घरातला फिरता पंखा हा चिमणीचा काळ आहे.

विलायती पुस्तकांतली मापे दाराला चालतात, दिशेला चालत नाहीत. तिकडे थंडीची भीती, इकडे उन्हाची. नागपुरात पश्चिमेकडे तोंड करून उघड्यावर टांगलेली पेटी म्हणजे भट्टीच, आणि ती पत्र्याची किंवा प्लास्टिकची असली तर विचारूच नका. इथे तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला असावे, माथ्यावर छज्जा असावा, लाकूड बोटभर जाड असावे. मातीचे मडकेही चालते, पण सावलीत. आजीच्या गोष्टीतल्या मेणाच्या घराबद्दल वर थट्टा केली ती याचसाठी: घर कोणत्या गावच्या हवेत आहे, हे विसरून चालत नाही.

एवढे करूनही पेटी रिकामी राहिली तर? तर अंगणाकडे पाहावे. फरशीने मढवलेल्या अंगणात अळी कुठून येणार? पिलाला लागते ती अळी, मोठ्याला लागते ती धुळीत लोळायला हातभर माती आणि सायंकाळी किलबिलाट करायला मेंदी किंवा बोगनवेलीचे दाट झुडूप. पेटी ही खोली झाली. घर म्हणजे खोलीभोवतीचे गाव. नुसते दाणे फेकूनही भागत नाही. मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून 2025 मध्ये केवढे वादळ उठले, ते सर्वांनी पाहिले. एकाच पाखराला अमाप दाणा, अमाप छज्जे आणि बाकीच्यांना काही नाही, ही दया नव्हे. हा पंक्तिप्रपंच झाला.

आणि जिथे पेटीचे शहाणपण अपुरे पडते, अशीही एक कथा विदर्भाशी जोडलेली आहे. 1872 मध्ये, नागपूरहून कारभार चालणाऱ्या तेव्हाच्या मध्य प्रांतातल्या फुलझर भागात, ब्लूइट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला पिंगळ्यासारखे पण निराळे एक घुबड मिळाले. पुढे काँग्रेसचे संस्थापक म्हणून प्रसिद्धीस आलेले ॲलन ह्यूम यांनी 1873 मध्ये त्याचे वर्णन छापले. हाच रानपिंगळा. 1884 नंतर तो पुन्हा कुणाला सापडला नाही. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या एका कर्नलने 1914 मध्ये आपण तो गुजरातेत मिळवला असे सांगितले. पण तो नमुना संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला जुनाच होता, हे अमेरिकेतल्या पामेला रासमुसेन यांनी उघडकीला आणले. खोटा पत्ता बाजूला सारून, खऱ्या जुन्या पत्त्यांच्या मागावर त्या आणि त्यांचे सोबती निघाले, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या रानात, एकशे तेरा वर्षांनी, निष्पर्ण झाडावर दिवसाढवळ्या बसलेला रानपिंगळा दिसला. पुढे तो आमच्या मेळघाटातही आढळला आणि आज मेळघाट हे त्याच्या मोजक्या आधारांपैकी एक आहे. त्याचे घर म्हणजे जुन्या झाडातली ढोली. ढोलीसाठी झाड म्हातारे व्हावे लागते, आणि त्याला म्हातारे होऊ द्यावे लागते.

शहरातही हेच. नागपूरच्या जुन्या झाडीच्या वस्त्यांत राखी धनेश अजून दिसतो. याची मादी ढोलीत शिरून दार आतून लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते. आठवडेच्या आठवडे नर तिला आणि पिलांना त्या फटीतून भरवतो. एवढा मोठा संसार मावेल अशी ढोली एखाद्या वडा-पिंपळाला, आंब्याला, सावरीला पडायला आयुष्य जाते. आपण मात्र वठलेली फांदी दिसली की ‘धोका’ म्हणून झाड मुळापासून उतरवतो. जिथे खरोखर रस्त्यावर पडण्याचे भय असेल तिथे फांदी उतरवावी. पण बागेच्या कोपऱ्यात, शाळेच्या मागे, कुणाच्या डोक्यावर न येणारे वठलेले खोड उभे राहिले तर काय बिघडले? पंचवीस पेट्या टांगूनही त्या एका खोडाची बरोबरी होत नाही. अनेक वर्षे नागपुरात राहिलेले मारुती चितमपल्ली यांनी रानातली मराठी आम्हाला शिकवली, ‘पक्षिकोश’ दिला. 18 जून 2025 रोजी ते गेले. त्यांचे स्मरण म्हणून आपल्या गल्लीतले एक वठलेले झाड वाचवता आले तरी पुष्कळ.

शेवटी मुहूर्ताविषयी. चिमणीची वीण आपल्याकडे थोडीफार वर्षभर चालते, पण भर असतो तो थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीपासून पुढे. पाखरे जागा आधी पाहून ठेवतात. म्हणून पेटी लावण्याचा उत्तम काळ हाच, दिवाळी उलटताना. आकाशकंदील उतरवायला शिडी काढावीच लागते. तिच्यावरून उतरण्यापूर्वी छज्जाखाली चार स्क्रू पिळायला वेळ लागत नाही. जुनी पेटी असेल तर आतले जुने गवत काढून टाकावे, उन्हात वाळवावी, पुन्हा लावावी. मुलांच्या हाती फूटपट्टी द्यावी आणि दाराचे माप त्यांनाच आखू द्यावे: 32 मिलिमीटर, कमी नाही, जास्त नाही. पहिल्या वर्षी कुणी आले नाही तरी पेटी काढू नये. भाडेकरू घर पाहून जातो, विचार करतो, कधी दुसऱ्या वर्षी सामान घेऊन येतो. ते सामान म्हणजे एक गवताची काडी असते.